हातांना चिकटणारे वास

परभणीच्या बाजूस ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा नसला तर जेवण अपुरें वाटतें. खाणाऱ्याला तो सुखावतो. ठेचणाऱ्याच्या बोटांना मात्र त्यांतल्या लसणाचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत येत राहतो. गंगाखेडास गोदावरीची किंवा जिंतूर तालुक्यांत येलदरीच्या जलाशयाची मासळी घरीं आली, तर वासाचें निराळेंच प्रकरण उभें राहतें. अशा वेळीं बहुतेक घरांत उपाय एकच: साबण, पुन्हा साबण, आणि शेवटीं कंटाळा. पण सर्व वास एका जातीचे नसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाहीं.

लसणाची अखंड पाकळी उग्र वास देत नाहीं. ती ठेचली, की तिच्यांत अलग राहणारीं ॲलिईन व ॲलिनेज हीं द्रव्यें एकत्र येतात व ॲलिसिन तयार होतें. १९४४ सालीं अमेरिकेंत कॅव्हलिटो व बेली या रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रथम वेगळें काढलें. ॲलिसिन फार टिकत नाहीं. त्यापासून गंधकयुक्त तेलकट द्रव्यें बनतात. तीं पाण्यांत नीट विरघळत नाहींत, तेलांत विरघळतात, आणि त्यांचा थोडा अंश कातडींतही मुरतो. म्हणून पाण्याखालीं हात धरून फारसें साधत नाहीं. चमचाभर करडईचें तेल बोटांना, विशेषतः नखांच्या कडांना, चोळावें. तें बेसनानें पुसून काढावें. मग साबण लावावा. फणस चिरण्यापूर्वीं आपण हातांना तेल लावतोंच. लसूण सोलण्यापूर्वीं लावण्यासही हरकत नाहीं.

याच हातांवर मिरचीही असते, आणि तेथें प्रश्न वासाचा नसून दाहाचा आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळें येतो, तेंही पाण्याला दाद देत नाहीं. हात स्वच्छ दिसतात, वासही येत नाहीं, आणि ठेचा करून उठलेली आई तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काजळ घालावयास बसते! मग मूल कां किंचाळतें हें कोणास उमगत नाहीं. तेव्हां मुलाला घेण्यापूर्वीं तेल आणि साबण हा क्रम चुकवूं नये. डोळ्यास तिखट लागलेंच, तर स्वच्छ पाण्यानें डोळा बराच वेळ धुवावा. तेल हातांसाठीं आहे, डोळ्यासाठीं नव्हे.

मासळीची गोष्ट उलट आहे. समुद्राची मासळी शिळी होऊं लागली, की तिच्यांत ट्रायमेथिलअमाइन नांवाचें क्षारधर्मी द्रव्य उत्पन्न होतें. नदी-तळ्यांच्या माशांना येणारा मातकट वास बहुधा जिओस्मिनचा असतो. पाण्यांतील सूक्ष्म जीव तें तयार करतात. दोन्हींवर आंबट पदार्थ उपयोगी पडतो. पहिल्याचें, आम्लाशीं संयोग होऊन, न उडणारें लवण बनतें. दुसरें आम्लानें मोडतें. लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ मिनिटभर चोळून हात धुवावे आणि मग साबण लावावा. राखेनें हात घासण्याची जुनी रीत येथें कामाची नाहीं, कारण राख स्वतःच क्षारधर्मी. लसणावर मात्र लिंबाचा भरंवसा धरूं नये. त्याचा सुगंध मूळ वासाला थोडा वेळ झांकतो, इतकेंच.

लिंबाबाबत आणखी एक सावधगिरी. त्याचा रस कातडीवर राहून त्यावर कडक ऊन पडलें, तर फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे जात नाहींत. मराठवाड्याच्या वैशाखांत लिंबू चोळलेल्या हातांनीं वाळवण घालावयास गच्चीवर जाणें बरें नव्हे. आधीं हात नीट धुवावे.

स्टेनलेस स्टीलवर बोटें घासलीं म्हणजे लसणाचा वास जातो, असें पुष्कळजण सांगतात. गंधक धातूला चिकटतो, अशी उपपत्ति त्यामागें देतात. तिला भक्कम पुरावा नाहीं. करून पाहण्यास खर्च कांहींच नाहीं, फक्त त्यासाठीं चमचा घ्यावा, सुरी घेऊं नये.