कुठे राहता?

१ एप्रिल २०२० रोजी आपल्या इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये, करोनाबाधिताच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेण्यास गेलेल्या आरोग्यपथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. शहरात मात्र त्या रात्रीपासून दोनच पक्ष उरले. वस्ती मुसलमानबहुल असल्याने या विभागणीला विखारी धार आली. 'त्या भागातले रुग्ण तपासणार नाही,' असे आपल्या व्यवसायबंधूंपैकीही काही जण म्हणू लागले. मी तसे म्हटले नाही. पण विरोधही केला नाही.

दगड मारणे हा गुन्हाच. तेथे मध्यममार्ग संभवत नाही. परंतु त्या एका निवाड्याबरोबर वस्ती, धर्म आणि तेथील तापाने फणफणलेले मूल यांचाही निवाडा आपण नकळत करून टाकतो. ही दुसरी सक्ती कोणी केलेली असते?

१ जुलै १८५७ रोजी (हाच दिवस पुढे आपला डॉक्टर्स डे ठरला, हा योगायोग) सादत खानाच्या पुढाकाराने होळकरांच्याच तोफा रेसिडेन्सीवर धडाडल्या आणि कर्नल ड्यूरंड सिहोरकडे निघून गेला. बंडवाल्यांना बावीस वर्षांच्या तुकोजीराव दुसऱ्यांचे नेतृत्व हवे होते. त्यांनी ते पत्करले नाही. पण आश्रयास आलेल्या ख्रिस्ती लोकांना बंडवाल्यांच्या हवालीही केले नाही. ड्यूरंडचा त्यांच्यावरील संशय कधीच फिटला नाही. मुत्सद्देगिरी म्हणा, भीती म्हणा, आश्रित वाचले.

त्याच एप्रिलमध्ये एका मातेचा दूरध्वनी आला. सात महिन्यांचे बाळ, दोन दिवस ताप, दूध घेत नव्हते. 'कुठे राहता?' मी विचारले. मलेरिया, कावीळ, पिण्याचे पाणी यांचा अंदाज यावा म्हणून हा प्रश्न मी पंचवीस वर्षे विचारीत आलो होतो. त्या दिवशी हेतू निराळा होता आणि तो तिने ओळखला. क्षणभर थांबून तिने पार दुसऱ्या टोकाच्या वसाहतीचे नाव सांगितले. पंधरा मिनिटांत ती बाळाला पदराखाली घेऊन पायीच दारात उभी राहिली.

बाळाचा कान फुटला होता. तपासले, औषध दिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. केसपेपरवर पत्ता मात्र तिने सांगितला तोच लिहिला. ती तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा मी तो प्रश्न विचारला नाही.