महानायक पडद्यावर, निर्माते तळटीपेत!

२ मे २००८ रोजी अमेरिकेत ‘आयर्न मॅन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट संपला, नामावली सरकली आणि त्यानंतर एक लहानसे दृश्य आले. निक फ्युरी नावाचा एक काळा अधिकारी अंधारात उभा आहे आणि नायक टोनी स्टार्कला तो बजावतो आहे की, जगात महानायक फक्त तूच आहेस असे समजू नकोस. या दृश्याने चित्रपट धंद्याचे गणितच बदलले. एका चित्रपटाचे पात्र दुसऱ्यात येणार, दुसऱ्याची कथा तिसऱ्यात पुढे जाणार आणि सर्व धागे एका महाचित्रपटात एकत्र गुंफले जाणार, अशी ही योजना. तिलाच आज ‘मार्व्हल सिनेमॅटिक युनिव्हर्स’ म्हणतात. २०२५ पर्यंत या मालिकेतील चित्रपटांची संख्या ३५ च्या वर गेली. आपली मुलेही ते आवडीने पाहतात. म्हणूनच हे विश्व कोणी घडवले, कोणाच्या घामावर उभे राहिले आणि त्याची मालकी कोणाकडे गेली, हे तपासणे अगत्याचे आहे.

वाचकांनी प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या कंपनीने अब्जावधी डॉलर कमावले, त्या मार्व्हलने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तगून राहण्यासाठी तिने आपली पात्रे वेगवेगळ्या चित्रपट कंपन्यांच्या हवाली केली. ‘एक्स-मेन’ फॉक्सकडे गेले, ‘स्पायडर-मॅन’ सोनीकडे गेला. दुसऱ्यांनी या पात्रांवर प्रचंड पैसा कमावला आणि मार्व्हलच्या हाती त्यातला किरकोळ वाटा आला. तेव्हा कंपनीने ठरवले की चित्रपट आपणच काढायचे. २००५ साली मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरचे कर्ज उभारले गेले. तारण काय ठेवले? जमीन नव्हे, इमारत नव्हे, तर दहा पात्रांचे चित्रपट हक्क. म्हणजे कोणा चित्रकाराच्या कल्पनेतून जन्मलेली माणसे बँकेत गहाण पडली. ज्यांनी ती जन्माला घातली, त्यांच्या वा त्यांच्या वारसांच्या संमतीची गरज कोणालाही वाटली नाही, कारण कायद्याच्या कागदावर ते मालकच नव्हते.

डाव यशस्वी झाला. ३१ ऑगस्ट २००९ रोजी डिस्नेने मार्व्हल सुमारे ४०० कोटी डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ने जगभरात सुमारे १५० कोटी डॉलरचा गल्ला जमवला. २०१९ साली आलेला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा मालिकेतील बाविसावा चित्रपट, त्याची कमाई सुमारे २८० कोटी डॉलर. त्याच वर्षी डिस्नेने फॉक्सची चित्रपट कंपनीही ताब्यात घेतली आणि ‘एक्स-मेन’ पुन्हा त्याच छत्राखाली आले.

आता मूळ निर्माते कोण ते पाहू. जॅक कर्बी यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. त्यांनी जो सायमन यांच्यासोबत ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण केला. मार्च १९४१ ही तारीख छापलेल्या त्याच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा हाणतो आहे. अमेरिका तेव्हा महायुद्धात उतरलीही नव्हती. म्हणजे सरकार गप्प असताना एका गरीब ज्यू चित्रकाराची पेन्सिल बोलत होती. पुढे हाच माणूस पायदळातला सैनिक म्हणून युरोपच्या रणांगणावर गेला. १९६० च्या दशकात स्टॅन ली यांच्यासोबत त्यांनी फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स, ब्लॅक पँथर अशी पात्रांची फौजच उभी केली. स्टीव्ह डिटको यांनी ली यांच्यासोबत स्पायडर-मॅन घडवला.

मोबदला काय मिळाला? कर्बी घरी बसून काम करीत. कागद-पेन्सिल स्वतःची. पगार नाही, नोकरीची हमी नाही. पानामागे ठरलेली रक्कम मिळे आणि कंपनीने पान नाकारले तर मेहनत वाया. स्वतःच्या हाताने काढलेली मूळ चित्रे परत मिळवण्यासाठीही त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९८७ साली त्यांतला जेमतेम काही भाग त्यांच्या हाती पडला. १९९४ साली त्यांचे निधन झाले. या विश्वातला पहिला चित्रपट यायला अजून चौदा वर्षे होती.

खरा कायदेशीर लढा त्यानंतर उभा राहिला. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने निर्मात्याला आणि त्याच्या वारसांना एक मोलाचा अधिकार दिला आहे. जुन्या कृतींचे हक्क कवडीमोलाने विकले असतील, तरी ५६ वर्षांनी नोटीस देऊन ते परत घेता येतात. कायदेमंडळाने येथे मान्य केले आहे की करार करताना दोन्ही पक्ष समान बळाचे नसतात. परंतु याच कायद्यात एक पळवाट आहे. काम ‘वर्क फॉर हायर’ असेल, म्हणजे मालकाच्या सांगण्यावरून आणि त्याच्या खर्चाने करवून घेतलेले असेल, तर निर्माता मुळात कंपनीच ठरते. मग परत घ्यायचे तरी काय?

सप्टेंबर २००९ मध्ये कर्बी यांच्या मुलांनी ४५ नोटिसा बजावल्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मार्व्हलच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. येथे विसंगती पाहा! विमा, पगार, सुट्टी, निवृत्तिवेतन द्यायची वेळ आली तेव्हा कर्बी कंपनीचे नोकर नव्हते, ते स्वतंत्र कारागीर होते. पण मालकी ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांचे काम मात्र कंपनीचे झाले. एकाच माणसाला जबाबदारीसाठी परका आणि नफ्यासाठी घरचा ठरवणारा हा न्याय आहे. वारसांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अर्जावर विचार होण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, कंपनीने तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या. मात्र त्यानंतर मार्व्हलच्या अंकांवर निर्माते म्हणून कर्बी यांचे नाव सन्मानाने छापले जाऊ लागले. हरलेल्या खटल्यानेही एवढे मिळवले, कारण वारस शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. डिटको यांच्या वारसांनीही पुढे नोटीस दिली, कंपनीने २०२१ मध्ये दावे ठोकले आणि २०२३ मध्ये तेथेही तडजोड झाली. कंपनीचा चेहरा मानल्या गेलेल्या स्टॅन ली यांनाही चित्रपटांच्या नफ्यातील वाट्यासाठी २००२ साली न्यायालयात जावे लागले होते, मग इतरांची काय कथा!

पडद्यावरच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्नही असाच संघर्षाने पुढे सरकला. पहिली दहा वर्षे या मालिकेत स्वतःच्या नावाचा चित्रपट मिळालेले नायक गोरे पुरुषच होते. २०१८ साली, अठराव्या चित्रपटात, ‘ब्लॅक पँथर’ला संधी मिळाली. दिग्दर्शक रायन कूगलर काळे, बहुतांश कलावंत काळे. काळ्या नायकाचा चित्रपट जगभर चालत नाही, हे प्रस्थापितांचे ठरलेले उत्तर होते. या चित्रपटाने १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई करून आणि तीन ऑस्कर मिळवून ते उत्तर खोटे पाडले. चित्रपटाची सुरुवात ओकलंड शहरात होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी याच शहरात स्थापन झाली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कॉमिकमधला ब्लॅक पँथर पक्षाच्या काही महिने आधीचा. पुढे नावाला राजकीय धार आली तेव्हा कंपनी बिचकली आणि १९७२ साली तिने काही काळ त्याचे नाव ‘ब्लॅक लेपर्ड’ केले. त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी, ओकलंडच्या पँथरपासून प्रेरणा घेऊन, दलित पँथर स्थापन केली. ज्या नावाची कंपनीला धास्ती वाटली, ते नाव वस्तीतल्या पोरांनी अभिमानाने मिरवले. बाजार आणि चळवळ यांतला फरक समजायला याहून वेगळे उदाहरण कशाला हवे?

‘एंडगेम’नंतर या साम्राज्याला ओहोटीही लागली. २०२१ पासून डिस्नेच्या वाहिनीसाठी मालिकांचा रतीब सुरू झाला, प्रेक्षक थकले. २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ जेमतेम २० कोटी डॉलरपर्यंत पोहोचला. संगणकावर दृश्ये रचणाऱ्या कामगारांवर अखेरच्या क्षणी बदलांचा आणि रात्रंदिवस कामाचा भार पडत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या या कामगारांनी एकमुखाने संघटनेच्या बाजूने मतदान केले. कर्बी एकटे होते, हे कामगार एकत्र आले. पन्नास-साठ वर्षांत झालेला खरा विकास, माझ्या मते, हाच आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’चा नवा चित्रपट आला. त्यातल्या पृथ्वीचा क्रमांक ८२८ आहे, कर्बी यांच्या २८ ऑगस्ट या जन्मदिनाची ही आठवण. आदरांजली चांगलीच आहे. परंतु आदरांजली म्हणजे अधिकार नव्हे. एक देणाऱ्याच्या मर्जीवर असते, दुसरा मागून आणि लढून घ्यावा लागतो.

आपल्याकडचे शाहीर, गायक, लेखक, चित्रकार यांनी यातून बोध घ्यावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या गीत-संगीताच्या निर्मात्याचा रॉयल्टीचा हक्क असा राखला आहे की ठरावीक अपवाद वगळता तो कंपनीला लिहून देताच येत नाही. म्हणून कोणी तयार कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हणाला, तर आधी तो कागद घरी आणा, वाचा, जाणकाराला दाखवा आणि मगच पेन उचला.