घाटावरची नाव आणि घरची मोटार

काशीच्या पंचगंगा घाटावरून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेस निघाले म्हणजे प्रथम दुर्गा घाट लागतो आणि त्याला लागूनच ब्रह्मा घाट. इ. स. १७४० च्या सुमारास नारायण दीक्षित पाटणकर यांनी हे दोन्ही घाट बांधविले, आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांतून महाराष्ट्रीय कुटुंबांची वस्ती पिढ्यानपिढ्या नांदत आली. या गल्ल्या इतक्या अरुंद की, समोरून एखादी गाय आली तर माणसाने बाजूच्या ओट्यावर चढून तिला वाट द्यावी. मोटार तेथे शिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घाटाचे खरे वाहन म्हणजे नाव.

ही नाव कोठून येते, असा प्रश्न यात्रेकरूच्या मनात क्वचितच उठतो. ती एखाद्या मोठ्या कारखान्यातून येत नाही. काशीच्या काठावर हिंडणाऱ्याला एखादी नाव उपडी घातलेली आढळते. दोघेतिघे तिच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर डांबर फासत असतात. त्यांच्यापुढे कागदावरचा आराखडा नसतो. फळी किती वाकवावी, तळ किती रुंद ठेवावा, हे बापाच्या हाताखाली शिकलेले असते. काम पुरे झाले की नाव पाण्यात लोटतात. सांधा चुकला असेल तर पाणी लगेच आत येते. कारागीर हाच निर्माता आणि नदी हीच परीक्षक, अशी ही सरळ व्यवस्था आहे.

मनुष्य आपली नाव स्वतः बांधू शकतो. मग आपली मोटार त्याने स्वतः का बांधू नये? हा प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही. पाश्चात्त्य देशांत हजारो लोकांनी घरामागच्या गॅरेजमध्ये आपल्या हाताने मोटारी जुळविल्या आहेत. आणि महाराष्ट्रातही हा प्रयत्न झालेला आहे. काशीच्या घाटाला जिचे नाव आहे त्याच नावाच्या, परंतु दक्षिणेकडच्या, पंचगंगा नदीच्या काठी तो झाला.

कोल्हापूरजवळचे इचलकरंजी हे विणकरांचे गाव. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे गावभर मागांचा खडखडाट सुरू झाला. जेथे माग असतात तेथे ते दुरुस्त करणारेही असतात. लेथ, ओतकाम, जोडकाम यांची ओळख असलेले हात त्यामुळे या परिसरात घरोघर तयार झाले. अशा वातावरणात शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनी छोटी मोटार तयार करण्याचा ध्यास घेतला. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे होते. अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तरीही १९४० नंतरच्या दशकात आरंभ करून १९७५ पर्यंत त्यांनी एकामागून एक नमुने तयार केले. या गाडीचे नाव त्यांनी ‘मीरा’ ठेवले.

‘मीरा’ची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. गाडी लहान, एंजिन मागच्या बाजूला, आणि चाकांना धक्के सोसण्यासाठी पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराची योजना. यामागचा विचार सरळ होता. जितके भाग कमी तितका खर्च कमी, आणि जितका खर्च कमी तितकी गाडी सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात. तिची किंमत सुमारे बारा हजार रुपये असावी असा हिशेब होता. ‘मीरा’ रस्त्यावर धावली. मोठ्या संख्येने कारखान्यातून बाहेर पडण्याचे भाग्य मात्र तिला लाभले नाही.

हे समजून घेण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यान्वये मोठा उद्योग काढण्यास सरकारचा परवाना आवश्यक झाला. परकीय चलन तुटपुंजे, पोलाद मोजके. तेव्हा ते कोणी वापरावे याचा निर्णय शासनाने करावा, ही त्या धोरणामागची भूमिका होती. प्रवासी मोटारी बनविणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. स्वस्त मोटारीची कल्पना शासनालाही अमान्य नव्हती. १९५९-६० मध्ये एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा विचार केला. परंतु समितीच्या कागदावरची स्वस्त गाडी सामान्य माणसाच्या दारापर्यंत येण्यास १९८३ चा डिसेंबर उजाडावा लागला. ती गाडी म्हणजे मारुती ८००. त्या वेळी इचलकरंजीतील शेवटच्या नमुन्याला आठ वर्षे होऊन गेली होती.

याच काळात इंग्लंडमध्ये अगदी उलट घडत होते, आणि तेही सरकारी नियमाच्याच योगाने. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या तरुण अभियंत्याने उत्तर लंडनमधील आपल्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवरून, आपली पहिली मोटार तयार केली. पुढे त्याने लोटस ही कंपनी स्थापन केली आणि १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही हलकी, उघडी, दोन आसनांची गाडी बाजारात आणली. त्या वेळी इंग्लंडात नव्या मोटारीच्या घाऊक किमतीवर साठ टक्के खरेदीकर पडत असे. हा कर तयार गाडीवर होता. सुट्या भागांच्या संचावर नव्हता. तेव्हा चॅपमनने गाडी पेट्यांत भरून सुटी विकली आणि जोडणीचे काम गिऱ्हाइकावर सोपविले. संचाबरोबर जोडणीची माहिती देण्यास नियमाची आडकाठी होती. त्यावर त्याने तोड काढली, असे सांगतात. गाडी कशी सोडवावी याची माहिती त्याने दिली आणि ती शेवटाकडून आरंभाकडे वाचण्याचे काम गिऱ्हाइकाच्या चातुर्यावर सोडले! १९७३ मध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या दुसऱ्या कंपनीला दिले. परंतु लोकांच्या हातांना लागलेली गोडी करासाठी लागलेली नव्हती. सवलत गेल्यावरही त्या देशात गॅरेजमध्ये मोटारी जुळविल्या जातच राहिल्या.

हे काम प्रत्यक्षात चालते कसे? संचातील सर्वांत मोठी वस्तू म्हणजे गाडीची चौकट. पोलादी नळ्या जोडून ती केलेली असते, आणि नीट पाहिले तर तिच्यात जागोजागी त्रिकोण दिसतात. चौकोनाचा कोपरा दाबला तर तो कलतो. त्रिकोण कलत नाही. पुलाच्या कैचीत जे तत्त्व आहे तेच येथे आहे. त्यामुळेच अशी चौकट हलकी असूनही ताठ राहते. ती चार मजबूत ठोकळ्यांवर समपातळीत ठेवतात. प्रथम ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या तिच्या कडेने बसवितात, कारण वर एंजिन आले म्हणजे तेथे हात पोचत नाही. त्यानंतर चाकांचे सांधे, धक्के शोषणारे भाग आणि सुकाणू येतात. एंजिन व गियरपेटी बाहेरच एकमेकांस जोडून साखळीच्या कप्पीने वर उचलतात आणि तिरकी करून हळूहळू चौकटीत उतरवितात. या वेळी दोघांची गरज लागते. एकाने साखळी सोडायची, दुसऱ्याने बोटे सांभाळत वाट दाखवायची. शेवटी तारा, दिवे, पत्र्याचे किंवा काचतंतूचे अंग आणि आसने. सारे भाग नवे आणि मापाचे असतील तर शंभरेक तासांत काम उरकते. जुन्या गाडीचे भाग काढून, साफ करून वापरायचे असतील तर वर्षेही लागतात.

या कामात शक्तीपेक्षा संयम लागतो. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा याचे माप ठरलेले असते. कमी आवळला तर तो धावताना सुटतो, अधिक आवळला तर आतून ताणून दुबळा होतो. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा दाब त्या बुडबुड्यालाच चेपण्यात खर्ची पडतो आणि चाक थांबत नाही. म्हणून एकाने पायट दाबावे, दुसऱ्याने चाकाजवळची चावी उघडावी, आणि बुडबुडा निघेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. हा उद्योग कंटाळवाणा खरा. पण मोटार म्हणजे काय हे तो ज्या रीतीने शिकवितो त्या रीतीने पुस्तक शिकवू शकत नाही.

आणि येथेच नाव व मोटार यांतील भेद पुढे येतो. नावेचा सांधा चुकला तर पाणी प्रथम बांधणाऱ्याच्या पायाशी येते. मोटारीचा ब्रेक चुकला तर त्याचे प्रायश्चित्त रस्त्याच्या कडेने शाळेत निघालेल्या मुलाला भोगावे लागते. म्हणून रस्त्यावर येणारी प्रत्येक गाडी तपासण्याचा समाजाला अधिकार आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो तपासणी कशी करावी एवढाच.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये नोंदणीवाचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२६ वा नियम असे सांगतो की, निर्मात्याने आपल्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी प्रमुख होय. ही व्यवस्था उत्तम आहे. मात्र ती एका नमुन्यावरून हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. समोरासमोरच्या टकरीत प्रवासी वाचतो की नाही हे पाहण्यासाठी कारखाना एक गाडी आडव्या अडथळ्यावर आदळून बघतो. ज्याने आयुष्यात एकच गाडी घडविली त्याने ती आदळून बघायची, तर चालवायची कोणती?

या पेचाचे एक बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी घडले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले हे गाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने आपल्या मुलाच्या हौसेखातर, भंगारातले भाग आणि दुचाकीची चाके वापरून, सुमारे साठ हजार रुपयांत एक लहानशी चारचाकी उभी केली. ती लाथ मारून सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात तिचे चलच्चित्र देशभर पोचले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कारागिराचे मनापासून कौतुक केले. परंतु ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या तिला अटकाव होईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो गाडी देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ही देवघेव झाली. कुटुंबाला मोठी गाडी मिळाली ही आनंदाची गोष्ट. तथापि विचार करणाऱ्याला एक रुखरुख लागून राहते. त्या गाडीचे ब्रेक किती चांगले होते, कोठे सुधारणा हवी होती, हे त्या कारागिराला बसून सांगणारी तपासणी मात्र कोठेच नव्हती. कौतुक झाले, परीक्षा झाली नाही.

इतर देशांनी यावर मार्ग काढला आहे. इंग्लंडात घरी जुळविलेल्या गाडीसाठी १९९८ पासून स्वतंत्र तपासणी सुरू झाली. २००९ पासून तिची सुधारलेली पद्धत आली. परीक्षक ती एकच गाडी समोर घेतो, न मोडता तपासतो. ब्रेक, सुकाणू, दिवे, धूर, आवाज, पट्ट्यांची पकड, अंगाला लागेल अशी धारदार कड, सारे पाहतो. चुका लिहून देतो. बांधणारा त्या दुरुस्त करून पुन्हा येतो. भारतातही विद्यार्थ्यांपुरती अशी वाट उघडली आहे. २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या आणतात. परीक्षक त्या बारकाईने तपासतात आणि तपासणीत उतरलेल्यांनाच बंदिस्त मैदानात सोडतात. पदवीच्या मुलांना जे साधते ते गावच्या लोहाराला साधणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आणि यासाठी परदेशाकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. ब्रह्मा घाटावरून जाणाऱ्या नावांकडे पाहिले तरी पुरे. वल्ह्यांच्या जागी तेथेही एंजिने आली. २०२१ नंतर कित्येक नावांची डिझेलची एंजिने काढून वायूवर चालणारी बसविण्यात आली. एंजिन आले की धोका इतरांपर्यंत पोचतो, म्हणून कायदाही आला. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला, आणि त्यात यंत्राने चालणाऱ्या नावेच्या पाहणीची व तिच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. ती कोणी बांधली, एक बांधली की शंभर, हा प्रश्न गौण. ही नाव पाण्यावर जाण्यास योग्य आहे काय, एवढेच पाहायचे. जो न्याय नावेला, तोच मोटारीला लावता आला तर घरच्या कारागिराला आपले काम लपविण्याची गरज उरणार नाही आणि रस्त्यावरच्या मुलालाही भय राहणार नाही.

शंकरराव कुलकर्णी यांच्या ‘मीरा’ची आठवण २००८ मध्ये टाटांची ‘नॅनो’ लोकांपुढे आली तेव्हा अनेकांना झाली. मागच्या बाजूचे एंजिन, कमीत कमी भाग, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी किंमत, या गोष्टी ओळखीच्या वाटणे स्वाभाविकच होते. लहान गावातल्या हाताला जे सुचते ते मोठ्या कारखान्याला कित्येक वर्षांनी सुचू शकते. त्या हाताला थांबविणे सोपे असते आणि त्याची पाठ थोपटून निघून जाणे त्याहूनही सोपे. त्याचे काम हातात घेऊन, खाली वाकून, एकेक सांधा तपासणे हे कठीण. काशीची गंगा ते काम कुणाची भीड न धरता आजवर करीत आली आहे.