इंजिन हवा चोरतंय का? आधी गळती शोधा, मग ट्यूनिंग

मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. असं विमान घरी बांधणाऱ्याला एक गोष्ट विसरून चालत नाही. इंजिनाला जोडलेला प्रत्येक पाइप त्यानेच बसवलेला असतो, म्हणून सैल राहिलेला जोडही त्यालाच शोधावा लागतो. आज त्यातलाच एक प्रकार पाहू: हवेच्या पाइपातली गळती.

पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलमागे साधारण १५ किलो हवा लागते. कार्बुरेटर आपल्यातून गेलेली हवा पाहून पेट्रोल देतो. पण त्याच्या पुढच्या जोडातून हवा आत शिरली, तर तिचा हिशोबच होत नाही. त्या सिलिंडरला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतं. यालाच मिक्श्चर ‘लीन’ होणं म्हणतात.

ही हवा बाहेर येत नाही, आत का जाते? वाराणसीच्या घाटावरची पूर्वीची डिझेलची नाव आठवा. तिच्या इंजिनात वेग डिझेल कमी-जास्त करून ठरायचा, हवेची वाट मोकळीच असायची. पेट्रोल इंजिनात मात्र थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते. बाहेर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंच असतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये तो १०-१२ इंचांवर येतो, म्हणून बारीक फटीतूनही हवा ओढली जाते. पूर्ण थ्रॉटलला हा फरक जवळजवळ संपतो आणि गळती लपते.

म्हणून लक्षणं कमी पॉवरवर शोधा. आयडलिंगला इंजिन अडखळतं, आरपीएम खाली-वर होतात. मिक्श्चर रिच असताना एकाच सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान इतरांपेक्षा वर राहतं, आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की तो फरक कमी होतो. असं दिसलं तर संशय पक्का समजा.

इथेच मोह होतो: आयडल मिक्श्चरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचं. इंजिन शांत होतं, पण बाकीच्या सिलिंडरना जास्त पेट्रोल जातं, प्लगवर काजळी धरते आणि फट तशीच राहते. उद्या ती वाढली, तर उतरताना थ्रॉटल मागे घेतल्यावर इंजिन बंद पडू शकतं. त्या क्षणी हातात उंची नसते.

शोधायचं कसं? इंजिन बंद आणि थंड हवं. मॅग्नेटो बंद, चाकांना अडण, आणि तरीही प्रोपेलरपासून लांब राहा. लायकमिंगसारख्या इंजिनात हे जोड पाहा: सिलिंडरकडच्या फ्लँजचं गॅस्केट, संपच्या बाजूचा रबरी होज आणि त्याचे क्लॅम्प, प्रायमरचे प्लग, मॅनिफोल्ड प्रेशरची नळी. विमानाचं हंड्रेड एलएल पेट्रोल निळं असतं, म्हणून जोडाजवळ निळा डाग हा चांगला पुरावा.

डाग नसेल तर व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू कार्बुरेटरच्या हवेच्या तोंडाला जोडा, कडा टेपने बंद करा, थ्रॉटल उघडा आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे फट. कॉम्प्रेसरचा जोराचा दाब मात्र देऊ नका. चालू इंजिनावर पेट्रोल फवारून पाहण्याचा प्रकारही टाळा. समोर फिरता पंखा आणि जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो.

गॅस्केट किंवा होज नवा घाला, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा, पुन्हा साबणाचं पाणी मारा. बुडबुडे थांबले की मगच मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावा.