विश्लेषण : चहा एका बटणावर सांडतो, मग भलतीच बटणे बंद का पडतात?

कार्यालयातल्या संगणकाच्या कीबोर्डवर चहा सांडतो, लगेच पुसला जातो. दोन दिवस सारे सुरळीत चालते आणि मग एकमेकांपासून दूर असलेली तीन-चार बटणे एकदम बंद पडतात. चहाचा थेंबही न लागलेली बटणे का बिघडावीत? याचे उत्तर बटणांखाली दडलेल्या प्लास्टिकच्या तीन पातळ थरांत आहे.

बटणांखाली असते काय?

घरात आणि कार्यालयांत दिसणारे बहुतेक स्वस्त कीबोर्ड ‘मेम्ब्रेन’ प्रकारचे असतात. त्यांत प्रत्येक बटणाला स्वतंत्र, सुटा स्विच नसतो. सगळ्या बटणांना मिळून पॉलिएस्टरच्या फिल्मचे तीन थर असतात. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीचे कण मिसळलेल्या शाईने वीजवाहक रेषा छापलेल्या असतात. मधला थर या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मात्र त्याला प्रत्येक बटणाच्या जागी एक गोल भोक असते. हे भोक हाच खरा स्विच.

बटण दाबल्यावर काय घडते?

फिल्मच्या वर, प्रत्येक बटणाखाली पालथ्या वाटीसारखा रबरी घुमट असतो. दाब वाढला की तो एकदम खचतो. बोटाला जाणवणारा हलका झटका हाच. घुमटाच्या आतला खुंट वरची फिल्म भोकातून खाली ढकलतो, दोन्ही थरांवरचे वाहक ठिपके एकमेकांना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. बोट उचलले की घुमट पुन्हा फुगून बटण वर उचलतो.

बटण तीन-चार मिलिमीटर खाली जाते. फिल्ममधली फट मात्र मिलिमीटरचा अगदी छोटा अंश असते. म्हणजे बोटाला जाणीव देते ते रबर, अक्षर उमटवते ती फिल्म. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या ‘झेडएक्स८१’ या घरगुती संगणकाचा कीबोर्ड घुमटाविना, पूर्ण सपाट होता. त्यामुळे बटण दाबले गेले की नाही, हे बोटाला कळत नसे.

१०४ बटणांसाठी १०४ तारा?

तेवढ्या लागत नाहीत. नाट्यगृहातले आसन जसे ओळ आणि क्रमांक यांवरून सापडते, तसेच इथे बटण सापडते. समजा, १८ उभ्या आणि ८ आडव्या रेषांचे जाळे आहे. केवळ २६ रेषांत १४४ छेद मिळतात. १०४ बटणांना ते पुरून उरतात. कीबोर्डमधली चिप एकेका रेषेवर संकेत पाठवून कोणत्या दोन रेषा जोडल्या गेल्या, हे सेकंदाला शेकडो वेळा तपासते.

मात्र जाळ्यातली ‘ओळ’ म्हणजे डोळ्यांना दिसणारी बटणांची ओळ नव्हे. छापलेली रेषा जागा मिळेल तशी वळणे घेत दूरदूरच्या बटणांना जोडत जाते.

मग चहामुळे काय बिघडते?

वरून पुसले तरी फटीत शिरलेला द्रव दोन फिल्मच्या मध्ये आपोआप पसरतो. वीज सुरू असताना ओलाव्यामुळे चांदीची बारीक रेषा हळूहळू गंजते, कुरतडली जाते. म्हणूनच बिघाड लगेच दिसत नाही. रेषा एका ठिकाणी तुटली की त्यापलीकडची तिच्यावरची सगळी बटणे मुकी होतात. उलट ओलाव्याने दोन रेषा जोडल्या गेल्या, तर न दाबलेले अक्षरही उमटू शकते.

दुरुस्ती शक्य आहे?

चहा सांडताच कीबोर्डची वायर काढावी, तो पालथा घालावा आणि पूर्ण वाळेपर्यंत जोडू नये. घाईने पुन्हा जोडणे हीच नेहमीची चूक. फिल्म सुट्या होत असतील तर डिस्टिल्ड वॉटरने साखर धुऊन त्या वाळवता येतात. रेषा मात्र घासू नयेत. तुटलेल्या रेषेला सोल्डर करता येत नाही, कारण उष्णतेने फिल्म वितळते. चांदीयुक्त वाहक रंगाने ती सांधता येते, पण त्याला सफाईदार हात लागतो. अनेक कीबोर्डमध्ये थर एकमेकांना चिकटवलेलेच असतात; तिथे हा मार्गही बंद होतो. लॅपटॉपमध्ये कीबोर्डखालीच मदरबोर्ड आणि बॅटरी असल्याने तो तत्काळ बंद करून तंत्रज्ञाकडे न्यावा.

कीबोर्ड टाकून देण्याआधी एवढे पाहावे : एकच बटण चालत नसेल, तर त्याखालचा कचरा किंवा फाटलेला घुमट हे कारण असू शकते आणि ते बहुधा घरीही दूर करता येते. बटणांचा गटच बंद असेल, तर रेषा तुटलेली असते किंवा फिल्मची चिपवर दाबून बसवलेली पट्टी सैल झालेली असते. ती सैल असेल, तर नुसते स्क्रू घट्ट करूनही काम भागते.