आज स्वयंपाकाला सूर्यनारायण!

जाळ नाही, धूर नाही, शिट्टी नाही. ढवळायला कुणी जवळ उभं नाही, करपल्याचा वासही नाही. तरी दुपारी झाकण उघडलं, की आत वाफाळलेला भात तयार! ओळखा पाहू, ही कुठली चूल?

बरोबर! ही सूर्यचूल. कुणी तिला सौरचूल म्हणतं, कुणी सरळ सोलर कुकर. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा. १९८० च्या दशकात सरकारने या चुलीवर सवलत दिली होती आणि महाराष्ट्रात पुष्कळ घरांत ती आली होती. सुटकेसएवढी चपटी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा आणि पोटात चार काळे डबे. गच्चीत ठेवायची आणि विसरून जायची.

पण मग एक प्रश्न पडतो. हिला इंधनाचा खर्च शून्य. आपल्या देशात उन्हाला तोटा नाही. तरी आज ही पेटी घरोघरी दिसत का नाही? काही घरांत तर ती माळ्यावर धूळ खात पडली आहे. असं का झालं? या प्रश्नाचं उत्तर आपण शोधणार आहोत. पण त्याआधी ही पेटी मुळात काम कशी करते ते बघू या.

उन्हाला पकडायचा सापळा

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधी बसला आहात? काचा बंद असल्या तर आत नुसती भट्टी झालेली असते. सूर्यचुलीचं गुपित तेच. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत शिरतो. आतला काळा तळ आणि काळे डबे तो शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तू उष्णता बाहेर टाकू लागतात, पण ही उष्णता वेगळ्या किरणांची असते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. काच त्यांना बाहेर जाऊ देत नाही. शिवाय आतली गरम हवाही कोंडलेली राहते. म्हणजे यायला वाट आहे, जायला नाही!

म्हणून सूर्यचुलीला चार गोष्टी लागतात. प्रकाश आत येऊ देणारी काच, तो शोषणारा काळा रंग, उष्णता धरून ठेवणाऱ्या जाड भिंती आणि जादा ऊन आत ढकलणारा आरसा. चांगल्या उन्हात अशा पेटीचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जातं.

डोंगरावरची पेटी

ही युक्ती काही आजकालची नाही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ साली काचेच्या पाच पेट्या एकीत एक अशा बसवल्या आणि उन्हात ठेवल्या. सर्वांत आतल्या पेटीचं तापमान ८७ अंशांच्या आसपास गेलं. आत ठेवलेली फळं चक्क शिजली! पुढे त्यांनी लोकर आणि बुचाचं अस्तर लावून आणखी चांगली पेटी केली. ती सुमारे ११० अंशांपर्यंत तापली.

सोस्यूर होते गिर्यारोहक. ते आपली पेटी घेऊन आल्प्समधल्या एका शिखरावर चढले. वर हवा इतकी गार, की तापमापकाचा पारा ६ अंशांवर! पण पेटीच्या आत? ८७-८८ अंश! दुसऱ्या दिवशी खाली उतरून उबदार हवेत त्यांनी पुन्हा मोजलं, तर पेटीतलं तापमान जवळजवळ तेवढंच.

याचा अर्थ लक्षात आला का? सूर्यचुलीला गरम हवा नको, स्वच्छ ऊन हवं. म्हणून थंडीच्या दिवसांतही तिच्यात भात शिजतो आणि मे महिन्यातही आभाळ भरून आलं, की तिचं काम थांबतं.

मुंबईची आठकोनी चूल

आता जरा आपल्या मुंबईत या. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इथे विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज अधिकारी राहत होते. हिंदुस्थानात जळणाची टंचाई आणि डोक्यावर मात्र रखरखीत ऊन, हे त्यांच्या मनात घोळत असे. त्यांनी लाकडाची आठ बाजूंची नरसाळ्यासारखी चौकट केली आणि तिला आतून साधे आरसे लावले. मधोमध काचेच्या आवरणाखाली तांब्याचं भांडं. या चुलीवर सात सैनिकांचं मांस आणि भाज्या दोन तासांत शिजल्या, तेही जानेवारी महिन्यात! १८७८ साली त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं. ऊन हे उष्ण देशांतलं इंधन होऊ शकतं, असं त्यात सांगितलं होतं.

भात शिजायला इतका वेळ का?

गॅसवर वीस मिनिटांत होणाऱ्या भाताला सूर्यचुलीत दीड-दोन तास लागतात. ती आळशी आहे का? चला, गणित करू.

भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं. आपली पेटी अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद, म्हणजे पाव चौरस मीटर. तिच्या वाट्याला आले २५० वॉट. काचेवरून थोडं ऊन परतलं, भिंतींतून थोडी उष्णता निसटली. समजा, डब्यांपर्यंत १०० वॉट पोचले. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायचं तर ७०,००० कॅलरी, म्हणजे सुमारे २,९४,००० ज्यूल उष्णता लागते. १०० वॉट म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल. भागाकार करा. उत्तर येतं २,९४० सेकंद, म्हणजे ४९ मिनिटं! हे झालं नुसतं पाणी तापणं. त्यानंतर पदार्थ शिजायचा.

पण गंमत बघा. शिजायला पाणी खळखळा उकळायलाच हवं असं नाही. ९० अंशांच्या आसपासही तांदूळ छान शिजतो, फक्त सावकाश. आणि आच मंद असल्यामुळे पदार्थ सहसा करपत नाही, ढवळावा लागत नाही. वाफ फारशी निसटत नाही म्हणून पाणीही नेहमीपेक्षा थोडं कमीच घालायचं.

चला, पेटी करू या!

साहित्य : एकात एक बसतील असे पुठ्ठ्याचे दोन खोके (चारी बाजूंनी आणि तळाशी मध्ये चार-पाच सेंटिमीटर जागा राहील असे), जुनी वर्तमानपत्रं, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, पत्र्याचा एक तुकडा, फळ्याला देतात तो काळा रंग, खिडकीची साधी काच, खळ, पातळ बुडाचं झाकणाचं भांडं.

कृती : मोठ्या खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे बोळे पसरा. त्यावर लहान खोका ठेवा आणि चारी बाजूंच्या फटींत बोळे भरा. गावाकडे भाताचं तूस मिळालं तर ते आणखी चांगलं. थर्मोकोल मात्र नको, तो उष्णतेने मऊ पडून आक्रसतो. लहान खोक्याच्या भिंतींना आतून चंदेरी कागद खळीने चिकटवा. तळाला काळा रंगवलेला पत्रा ठेवा. वर काच अशी बसवा, की कुठे फट राहणार नाही. मोठ्या खोक्याच्या झाकणाला आतून चंदेरी कागद लावा. हा झाला आरसा. तो काठीच्या आधाराने तिरका उभा करा.

भांडं आणि झाकण फक्त बाहेरून काळं रंगवा. रंगवलेलं भांडं आणि पत्रा दोन-तीन दिवस रिकामेच उन्हात ठेवा. रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच त्यात शिजवा. आणि हो, घरात चुलीवर काळंकुट्ट झालेलं पातेलं असेल तर रंगाची गरजच नाही. ते बाहेरून घासू नका म्हणजे झालं!

सांभाळा : काचेच्या कडा काचवाल्याकडून घासून घ्या आणि काच बसवताना आई-बाबांना बरोबर घ्या. आरशातल्या सूर्याकडे पाहू नका. भांडं दिसायला थंड, पण असतं चटका देणारं. सांडशी किंवा जाड फडकं घेतल्याशिवाय हात लावू नका.

पेटी लावायची कधी? त्यासाठी घड्याळ नको, स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन जोरात आहे असं समजा. पुण्यात मे महिन्यात असं ऊन रोज सहा तासांच्या आसपास मिळतं आणि डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम दोन तास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने पेटी थोडी वळवा.

काय काय करता येईल?

भात : दीड ते दोन तास.
भिजवलेली तूरडाळ : दोन ते अडीच तास.
बटाटे, रताळी : पाणी न घालता, सुमारे दोन तास. रताळ्याची गोडी चाखून बघाच!
अंडी : पाण्याशिवाय, नुसती काळ्या डब्यात ठेवून, दीड-दोन तास.
शेंगदाणे : एक ते दीड तास. अधूनमधून हलवा.
रव्याचा केक : सुमारे दोन तास.

या वेळा चांगल्या उन्हातल्या आणि चांगल्या पेटीतल्या. पुठ्ठ्याच्या पेटीला थोडा जास्त वेळ द्या. सुरुवात थोड्याशा भातापासून करा.

मग ती माळ्यावर का गेली?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पेटीत पोळी होत नाही, भाकरी होत नाही. तव्याला २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, तेवढी इथे मिळत नाही. तडतडणारी फोडणी नाही, तळण नाही. म्हणजे गॅस हवाच. पावसाळ्यात चार महिने पेटी सुट्टीवर. रात्रीचं जेवण सूर्य मावळल्यावर कोण शिजवणार? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामाईक, बाल्कनीत ऊन तासभर. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे आईची लगबग असते सकाळी सात वाजता, तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असतो. पेटी लावायची वेळ होते तेव्हा घराला कुलूप!

म्हणजे दोष पेटीचा नव्हता. गॅस आपल्या वेळेवर पेटतो, सूर्य त्याच्या वेळेवर येतो. इंधन फुकट, पण वेळापत्रक सूर्याचं. ते ज्या घराला जमलं, तिथे पेटी टिकली. ज्यांना जमलं नाही, तिथे ती माळ्यावर गेली.

यावर लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ साली छतावर ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या गेल्या. त्या सूर्याबरोबर वळतात, पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचं जेवण शिजवता येतं. अशा तबकड्या जर्मनीच्या वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केल्या. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या बांचा गावाने दुसरी वाट धरली. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या सौर विजेच्या शेगड्या तिथे घरोघरी बसवल्या गेल्या. वीज बॅटरीत साठते, त्यामुळे सूर्य मावळल्यावरही शेगडी चालते. अर्थात तबकड्या आणि बॅटऱ्या महाग असतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला मात्र शे-दोनशे रुपयेही पुरतील.

आणि एक गोष्ट विसरू नका. आजही आपल्या देशात कित्येक घरांत चुलीसमोर बसून आई-आजी धूर गिळतात, लांबून सरपणाच्या मोळ्या आणतात. रोजचा निम्मा स्वयंपाक जरी उन्हावर झाला, तरी तेवढा धूर आणि तेवढी पायपीट वाचेल.

रविवारचा स्वयंपाकी कोण?

रोज नाही जमणार, पण रविवार तर आपलाच असतो! त्या दिवशी घरातली डाळ, भात, बटाटे शिजवण्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. सकाळी आभाळ बघा. स्वच्छ असेल तर नऊ-साडेनऊला पेटी लावा आणि आईला सांगा, ‘आज कुकर चढवू नकोस.’ पोळ्या आणि फोडणी तेवढी गॅसवर होऊ दे.

एक नियम मात्र पक्का पाळायचा. मध्येच ढग आले आणि पदार्थ अर्धवट राहिला, तर तो कोमट पेटीत तसाच ठेवायचा नाही. कोमट अन्नात जंतू भराभर वाढतात. लगेच गॅसवर पूर्ण शिजवून घ्यायचा. त्यात हरल्यासारखं काही नाही. सूर्याने तापवून दिलं, तेवढा गॅस वाचलाच ना!

एक वही करा. तारीख, आभाळ कसं होतं, पेटी किती वाजता लावली, पदार्थ किती वाजता शिजला, हे लिहीत जा. बऱ्याच घरांत सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. तीही वहीत उतरवा. दिवाळीपासून मेपर्यंत दर रविवारी प्रयोग करा आणि सिलिंडर किती दिवस जास्त पुरला ते बघा. फरक दोन दिवसांचा निघो की चार, तो आकडा तुमच्या घरचा आणि तुम्ही स्वतः काढलेला असेल.

चला तर मग, खोके शोधायला लागा. आणि माळ्यावर जुनी सूर्यचूल असेलच, तर आधी तिच्या काचेवरची धूळ पुसा!