विदागार उपयोजनांची रचना

विदागार उपयोजन म्हणजे संगणकीय विदागारातील नोंदी भरणे, शोधणे, बदलणे व त्यांवरून उतारे काढणे यांसाठी तयार केलेली आज्ञावली. आज्ञावली काही वर्षांनी बदलली जाते; नोंदी मात्र अनेक दशके टिकवाव्या लागतात. म्हणून उपयोजनाची रचना करताना आजच्या सोयीबरोबरच पुढील देखभालीचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये काम करीत असताना १९७० साली संबंधाधिष्ठित विदागाराची संकल्पना मांडली. तीनुसार माहिती सारण्यांत ठेवली जाते आणि सारण्या सामाईक मूल्यांनी परस्परांशी जोडल्या जातात. प्रत्येक तथ्य शक्यतो एकाच ठिकाणी नोंदवणे, या तत्त्वाला सामान्यीकरण म्हणतात.

अधिकार अभिलेखाचे उदाहरण

महाराष्ट्रातील जमिनीचा सातबारा उतारा हा गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंद) मिळून बनतो. त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चा आधार आहे. वारसा, खरेदी, कर्जाचा बोजा इत्यादी बदल प्रथम गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिले जातात. तलाठी नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. या कागदी पद्धतीतील अनेक नियम संगणकीय रचनेलाही लागू पडतात. राज्यात हे काम ई-फेरफार प्रणालीद्वारे होते आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

ओळखचिन्हाची निवड

प्रत्येक नोंदीस न बदलणारे ओळखचिन्ह लागते. गावाचे, तालुक्याचे वा जिल्ह्याचे नाव त्यासाठी योग्य नसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे नाव ज्या प्रणालीत ओळखचिन्हाचा भाग असेल तिच्यात अशा वेळी असंख्य नोंदी बदलाव्या लागतात. नवी मुंबईत सेक्टर क्रमांक प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात. वाशी, नेरूळ व खारघर येथे एकाच क्रमांकाचे सेक्टर असल्याने केवळ सेक्टर व भूखंड क्रमांकावरून मिळकत निश्चित होत नाही. यावर सर्वसाधारण उपाय असा, की अंतर्गत ओळखक्रमांक अर्थनिरपेक्ष ठेवावा आणि लोकव्यवहारातील गट क्रमांक, सेक्टर वा नाव हे बदलता येण्याजोगे गुणधर्म मानावेत.

इतिहासाचे जतन

सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे केले जात नाही. त्यास पूर्वी कंस केला जात असे आणि नव्या नोंदीशेजारी फेरफार क्रमांक लिहिला जातो. त्यामुळे हक्क कोणत्या व्यवहाराने आला हे मागे जाऊन पाहता येते. संगणकातही जुने मूल्य पुसून नवे लिहिल्यास हा पुरावा नष्ट होतो. म्हणून महत्त्वाच्या नोंदींत बदलाचे कारण, दिनांक व करणाऱ्याची ओळख साठवली जाते. नोंद घेणारा आणि प्रमाणित करणारा भिन्न असावा, हा नियमही प्रणालीनेच पाळून घ्यावा लागतो.

परिमाणे व हिस्से

एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक हेक्टर म्हणजे १०० आर. ही परिमाणे एकाच रकान्यात मिसळल्यास बेरजा चुकतात. त्यामुळे साठवणीसाठी चौरस मीटरसारखे एकच परिमाण ठरवून इतर परिमाणे केवळ दाखवताना वापरणे सोयीचे असते. तीन भावंडांचा समान हिस्सा प्रत्येकी ०.३३ असा लिहिल्यास बेरीज ०.९९ होते आणि उरलेला शतांश कोणाचाच राहत नाही. हिस्सा १/३ असा अंश व छेद स्वतंत्र ठेवून साठवल्यास हा दोष टळतो. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी असणे ही अट पडद्यावरील अर्जापुरती न ठेवता विदागारातच घालणे हितावह असते, कारण नोंदी अन्य मार्गांनीही शिरतात.

मराठी मजकूर

युनिकोडमध्ये ‘गोऱ्हे’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, परंतु संगणक त्यांना भिन्न मानतो. नोंद साठवण्यापूर्वी व शोधण्यापूर्वी मजकूर एकाच रूपात आणला नाही, तर नाव अभिलेखात असूनही सापडत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर आधी रूपांतरित करून मूळ कागदाशी ताडून पाहावा लागतो.

तडजोडी व मर्यादा

सामान्यीकरण सर्वत्र काटेकोर पाळणे सोयीचे नसते. गाव नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखवल्या जातात. असा गोषवारा मागणीनुसार काढता येतो किंवा वेगासाठी तयार ठेवता येतो; तयार ठेवल्यास मूळ नोंदींशी त्याचा नियमित ताळा घ्यावा लागतो. सुरचित प्रणाली मूळ नोंदीतील चूक आपोआप सुधारत नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी संहितेच्या कलम १५५ मध्ये तरतूद आहे. संगणकीय प्रणालीतही अशा दुरुस्तीस उघड, नोंदवलेली वाट असावी लागते. अन्यथा वारसाचे नाव वा क्षेत्राचा एक आकडा चुकल्याने शेतकऱ्याचे पीककर्ज किंवा संपादित जमिनीचा मोबदला अडकून राहू शकतो.